माहेरच्या तळ्यावरचा चमच्या

आमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण एका पक्ष्यावरून आहे. ते माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू होतं, माझ्या नवऱ्याच्या जन्माच्याही आधीपासून. बाकीची भांडणं येतात आणि जातात. गॅस कुणी चालू ठेवला, गच्चीची किल्ली कुणी हरवली, ही दोन दिवसांची. हे मात्र कायमचं. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते चहाबरोबर ऐकावं लागतं, आणि निघताना एकाची बाजू घ्यावी लागते.

मूळ हकिकत अशी. सासरे तेव्हा तरुण मास्तर, कर्जतच्या शाळेत नुकतेच लागलेले. सासूबाई लोधिवलीच्या पुढे, हमरस्ता सोडून आत असलेल्या एका गावच्या. घरची भातशेती, दारात म्हशी आणि गावाला लागून मोठं तळं. पहिल्या दिवाळसणाला जावई सासुरवाडीला गेले आणि पहाटे, त्या काळी सगळेच जायचे तसे, टमरेल घेऊन तळ्याच्या मागच्या बाजूला गेले. तिथे बसल्या जागेवरून त्यांना पाण्यात एक पांढराशुभ्र पक्षी दिसला. बगळ्याहून थोराड, आणि चोचीच्या जागी चक्क पळी. पूजेच्या पंचपात्रात असते तशी पितळेची, लांब दांड्याची, पुढे चपटी, पिवळीधमक. ती पाण्यात डावीउजवीकडे फिरवत तो चालला होता. मास्तरांनी टमरेल तिथेच टाकलं आणि धावत येऊन अंगणात जमलेल्या सगळ्या सासुरवाडीला ही बातमी दिली.

सासुरवाडी हसली. "जावईबापू, त्याला बगळा म्हणतात," असं कुणीतरी समजावलं. हे एक वेळ चाललं असतं. पण माजघराच्या दारामागून सगळ्यात मोठ्याने जी हसली, ती त्यांची नवी कोरी बायको होती. "आमी जल्मापासून या तळ्यावर हाव. पळीचा पक्षी आमी नाय बगितला तो," असं ती भरल्या अंगणात म्हणाली. त्या दिवसापासून त्या गावात आमच्या सासऱ्यांचं नाव 'चमचेवाले जावई' असं पडलं. लग्नात अहेर देताना, बारशाला, अगदी मयताला गेले तरी मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, आले हो चमचेवाले. सासरे हे कधी विसरले नाहीत, आणि सासूबाईंनी त्यांना विसरू दिलं नाही.

आता यात मी कुठे आले ते सांगते. मी कर्जतला एका पतपेढीत नोकरी करते. दिवसभर माणसांची तोंडं बघून झाल्यावर दुसरं काहीतरी बघावं म्हणून मी दुर्बीण घेतली आणि रविवारी सकाळी पक्षी बघायला जाऊ लागले. नवऱ्याने आधी थट्टा केली, मग रविवारचा नाश्ता स्वतः करावा लागतो हे लक्षात आल्यावर विरोध केला, आणि शेवटी सवय करून घेतली. पहिल्याच महिन्यात पक्ष्यांच्या पुस्तकात मला सासऱ्यांचा पक्षी सापडला. चमच्या. तो खरोखर आहे, आपल्याकडच्या पाणवठ्यांवर येतो, आणि चोचीने पाणी ढवळत चालतो. मी पुस्तक मिटून गप्प बसले. कारण चित्रात त्याची चोच काळी होती, फक्त टोकाला पिवळा ठिपका. म्हणजे सासरे पक्ष्याच्या बाबतीत बरोबर आणि पितळेच्या बाबतीत चूक. एवढ्या जुन्या लढाईत दोन्ही बाजूंना नवा दारूगोळा पुरवायची माझी तयारी नव्हती. पुस्तक मी माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवलं, आणि चोचीचा रंग घरात माझ्याशिवाय कुणाला कळला नाही.

मग सासूबाईंच्या डोळ्यांचं निघालं. त्या चालताना दाराच्या कडांवर आपटू लागल्या, ताटातली चटणी त्यांना दिसेना. पनवेलच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, पण बाजूचं सगळं हळूहळू बंद होत जातं. औषधाने आहे ते टिकवायचं. गेलेलं परत येत नाही, आणि आहे ते किती टिकेल ते सांगता येत नाही. तेव्हापासून सासरे दिवसातून ठरलेल्या वेळी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतात. "वर बघ." "बघतेच आहे." "डोळा मिटू नकोस." "तुमचा हात थरथरतो, म्हणून मिटतो." हे आमच्या घरात आता देवपूजेसारखं नेमाने होतं.

एक दिवस मी भाजी निवडत होते, तर सासरे स्वयंपाकघरात येऊन उगाच डबे सरळ करू लागले. त्यांना काही मागायचं असलं की ते डबे सरळ करतात.

"तुझी ती दुर्बीण," ते म्हणाले, "तिच्यातून तिला दिसेल का गं?"

"काय दिसेल, बाबा?"

"चमच्या. तिला दाखवायचाय तो. अजून दिसतंय तोवर." मग आपण फार हळवं बोललो असं वाटून त्यांनी लगेच सावरलं. "नाहीतर नंतर म्हणेल, मला दिसत नव्हतं म्हणून तुम्ही काहीही सांगितलंत. तिला सवलत मिळता कामा नये."

मी भाजीकडेच बघत राहिले. माझे डोळे भरून आले होते, आणि या घरात मेथी निवडताना रडायला काही निमित्तही मिळत नाही.

संक्रांत झाल्यावरच्या रविवारी जायचं ठरलं. बेत मी आखला होता आणि त्यात एकच धोका होता, तो म्हणजे सासूबाईंचं माहेर. तळ्यापासून त्यांच्या धाकट्या भावाचं घर हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे माहेरच्या गावात जाऊन माहेरी न जाणं हा गुन्हा आहे, आणि माहेरी गेलं की सुटका नाही. आधी पाणी, मग चहा, चहा होईपर्यंत पोहे, पोहे संपेपर्यंत "आता जेवूनच जा." पक्षी काही जेवणापर्यंत थांबत नाहीत. म्हणून आधी थेट तळ्यावर जायचं, मामांना कळवायचं नाही, आणि पक्षी बघून झाला की मग त्यांच्या दारात उभं राहायचं, असं मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. सासूबाई इतक्या पटकन हो म्हणाल्या की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. गाडीत बसताना बघते, तर त्यांच्या पायाशी तिळाच्या लाडवांचा डबा, पापड, आणि भावजयीसाठी नवी साडी.

"हे कशाला?" मी विचारलं.

"असू दे गं. वाटेत लागतं," त्या म्हणाल्या. वाटेत साडी कशी लागते ते मी विचारलं नाही.

नवरा गाडी चालवत होता आणि रविवार बुडाला म्हणून फुरंगटून बसला होता. तो मोहोपाड्याच्या बाजूला एका कंपनीत देखभालीच्या कामावर आहे, आणि तिथल्या यंत्रांना रविवार कळत नाही. चौककडे जाणाऱ्या रस्त्यावर धुकं होतं. दोन्ही बाजूंना फार्महाऊसच्या भिंती, आणि मधूनमधून 'प्लॉट विकणे आहे' असे फलक, वर मोबाइल नंबर. सासरे पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून, परीक्षेला निघाल्यासारखे बसले होते. सासूबाई मागून म्हणाल्या, "नसला तर चिडायचं नाही हं." सासरे म्हणाले, "असला तर हसायचं नाही."

तळ्याच्या बांधावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुकतंच पडू लागलं होतं. पाणी अर्ध्यावर आलेलं, पलीकडच्या काठाला चिखलाचा पट्टा, आणि त्यावर बगळे. मी दुर्बीण लावली. बगळा, बगळा, बगळा, ढोकरी, परत बगळा. आणि त्यांच्या पलीकडे एक पांढरा पक्षी, बाकीच्यांहून चांगला भरदार, एका पायावर उभा. पण त्याने मान पाठीवर वळवून चोच पिसांत पार आत खुपसली होती आणि तो गाढ झोपला होता. ज्या एका गोष्टीसाठी आम्ही आलो होतो, तेवढीच झाकलेली होती.

सासऱ्यांनी दुर्बीण घेतली, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "तोच."

सासूबाईंनी घेतली. मी त्यांचे खांदे धरून त्यांना वळवलं, थोडं डावीकडे, थोडं खाली. "दिसला," त्या म्हणाल्या. "बगळाच आहे हो. झोपलाय बिचारा. उगाच कशाला त्याच्यावर आळ घेता?"

"चोच काढू दे, मग बघ."

"काढेल की. बगळ्याची काढेल."

आम्ही थांबलो. नवऱ्याने मोबाइलवर फोटो काढला. त्यात तळं आलं, डोंगर आला, आणि भाताच्या शितासारखा एक पांढरा ठिपका. मग त्याला कंपनीतून फोन आला आणि तो गाडीला टेकून मोठमोठ्याने बोलू लागला. सासूबाईंनी डबा उघडून सगळ्यांना एकेक लाडू दिला. पक्षी ढिम्म.

बांधावरून मोटरसायकलवर एक जण चालला होता, कानाला मफलर गुंडाळलेला. तो आम्हाला ओलांडून गेला, थांबला, आणि गाडी मागे ढकलत परत आला. त्याने आधी आमची गाडी बघितली, मग दुर्बीण, मग दुर्बीण कुठल्या दिशेला आहे ते बघितलं.

"काय, मोजणी हाय का?" त्याने विचारलं.

"नाही हो, पक्षी बघतोय," मी म्हटलं.

"असं." त्याने मान हलवली. ती मान बघूनच कळलं की त्याचा माझ्या एका शब्दावर विश्वास नाही. त्याच वेळी मागून माझ्या नवऱ्याचा आवाज खणखणीत आला, "नाही, नाही, लाइन तिकडून नको. या बाजूने घ्या. तिकडच्यांनी काही म्हटलं तर माझं नाव सांगा."

तो कंपनीतल्या वाफेच्या पाइपाबद्दल बोलत होता. पण हा भाग असा आहे की इथे प्रत्येकाच्या शेतावरून काहीतरी जायच्या बेतात असतं. रस्ता, रेल्वे, गॅसची लाइन, विजेचा मनोरा. पहाटे गाडीतून चार माणसं उतरून दुर्बिणीने शेताकडे बघू लागली, तर ती पक्षी बघतायत असं समजायला माणूस फार भोळा असावा लागतो. मफलरवाला भोळा नव्हता. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि चहाचा एक कप संपेल एवढ्या वेळात बांधावर दहाबारा माणसं उभी राहिली.

"सायेब, या बाजूनं म्हंजी आमच्यातून?" एकाने नवऱ्याला थेट विचारलं.

"आमच्या बांधाच्या अलीकडून न्या," दुसरा म्हणाला. "त्याच्यातून न्या. त्याची पडीकच हाय."

"पडीक कशी? वाल पेरलाय मी त्याच्यात."

"वाल कवा पेरलास रं? गवत हाय ते."

हे दोघे चुलत भाऊ होते, असं नंतर कळलं. बांध नेमका कुठे आहे यावर त्यांचा वाद आमच्या चमच्यापेक्षाही जुना असावा. एक म्हणाला, कुंभिवलीला रस्त्याला ज्याची जमीन लागली त्याचं सोनं झालं, तेव्हा न्यायचीच तर माझ्यातून न्या. लगेच दुसऱ्याचं मत फिरलं आणि त्यालाही लाइन आपल्यातूनच हवी झाली. नवरा फोनवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होता की तो पाइप आहे, कंपनीत आहे, इथे नाही. पण मोठा साहेब जागेवर आल्यावर असंच बोलतो, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मी मात्र पक्ष्याकडे बघत होते. एवढा आरडाओरडा ऐकून तो उडाला असता तर मी त्या दोघा भावांना बांधासकट तळ्यात ढकललं असतं.

सासऱ्यांनी वर्गात बोलायचा आवाज काढला. "मंडळी, ऐका. आम्ही कुणाची जमीन घ्यायला आलेलो नाही. पलीकडे तो पांढरा पक्षी झोपला आहे. तो उठायची आम्ही वाट बघतोय."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. यापेक्षा बरं कारण सुचलं नाही का, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं.

तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. आमच्या सासूबाई कर्जतला शुद्ध, नीटस बोलतात. मास्तरांची बायको म्हणून सुरुवातीला ठरवून शिकल्या आणि आता ते अंगवळणी पडलंय. पण खरोखर बिनसलं की त्यांची माहेरची बोली वर येते, आणि ती आली की घरात आम्ही सगळे आपापली कामं काढून पांगतो. त्यांनी पदर कमरेला खोचला.

"लाइन नाय नि बीन नाय," त्या म्हणाल्या. "मी या गावची लेक हाय. आन् हे आमचे हे. यांना पक्षी बगायचाय म्हणून यांनी आमाला पाटंपासून उठवलाय. तुमाला काय भांडायचा आसंल तं घरी जाऊन भांडा, हितं तो उडंल."

माणसांत काठी टेकून उभा असलेला एक म्हातारा पुढे आला. त्याने सासूबाईंचा चेहरा न्याहाळला, मग सासऱ्यांचा. आणि त्याला एकदम आठवलं.

"आरं," तो म्हणाला, "हे तं चमचेवाले जावई."

जे काम खरं बोलून झालं नव्हतं, ते त्या एका नावाने झालं. बांधभर हसू पसरलं. चमचेवाले जावई आहेत म्हणजे मोजणी नाही, लाइन नाही, काही नाही. हा माणूस खरोखरच पक्षी बघायला आलेला असणार. तरुण पोरांनाही नाव ऐकून माहीत होतं. सासरे आयुष्यभर ज्या नावाने खजील झाले, त्या नावावर त्या दिवशी ताठ उभे राहिले. "हो, मीच तो," ते म्हणाले. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग जायचं कोण नाव घेणार? सगळे तिथेच बसले. दुर्बीण हातोहात फिरली. प्रत्येक जण बघून न्यायाधीशासारखा निकाल देत होता, "बगळा हाय." मफलरवाला म्हणाला, दगड मारतो, उठंल. सासऱ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो हातातला दगड खिशात घालू लागला. मी लाडवांचा डबा बघितला तर तो रिकामा झाला होता.

एवढ्यात मामा आले. कुणीतरी त्यांना फोन केला होता. स्कूटर उभी करून ते सासूबाईंसमोर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"ताई, तळ्यावर आलीस नि घरी नाय? बांधावर बसून लाडू खातीस? लोक काय म्हणतील, भावानं घरात नाय घेतला?"

"अरे, येणारच होते. साडीपण आणलीय," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. मामांनी साडीचं फारसं मनावर घेतलं नाही, पोहे मात्र फोडणीला पडले आहेत असं सांगितलं. आता निघायचंच, असा त्यांचा सूर होता. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका केविलवाणा चेहरा मी त्यांचा आजारपणातही बघितला नव्हता.

शेवटी मदतीला आली ती म्हैस. मामांचीच. सकाळी सोडलेल्या म्हशी पलीकडच्या काठाने पाण्यात उतरत होत्या, आणि त्यातली एक सरळ आमच्या पक्ष्याच्या रोखाने निघाली. मी दुर्बीण सासूबाईंच्या हातात कोंबली आणि मागून त्यांचे खांदे धरले.

"आई, म्हैस दिसली का?"

"दिसली."

"तिच्या शिंगांच्या डावीकडे."

"ही आपली बांडी का रे?" सासूबाईंनी भावाला विचारलं. "किती वाळलीय. पेंड देत नाहीस का?"

"देतो की. गाभण हाय ती," मामा म्हणाले.

"आई, म्हैस सोडा. डावीकडे."

म्हैस अगदी जवळ गेली तेव्हा पक्षी हलला. त्याने दुसरा पाय खाली टेकला, मान सोडवली, आणि पाठीतून चोच ओढून काढली. लांब, सरळ, आणि पुढे चपटी, पळीच्या पळी. बांधावर कुणीतरी "आई शपथ" म्हणालं. तो दोनचार पावलं पाण्यात चालला, चोच डावीउजवीकडे फिरवली, जणू सासऱ्यांनी सांगितलेलं पाठ करून आला होता. मग म्हशीचं आणि त्याचं पटलं नाही. पंख पसरून तो उठला, तळ्यावरून वळला आणि झाडांमागे गेला.

सासऱ्यांनी पक्ष्याकडे बघितलंच नव्हतं. ते सगळा वेळ बायकोकडे बघत होते.

"दिसला?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी दुर्बीण खाली केली, पदर सारखा केला, आणि स्वच्छ, नीटस मराठीत म्हणाल्या, "हो, दिसला. चमच्याच होता. तुमचं म्हणणं खरं होतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याने पुढे होऊन सासऱ्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "जावईबापू, चुकलं आमचं." मामांचं सगळं रुसणं गेलं, ते जो भेटेल त्याला सांगत होते की आमचे भावोजी पहिल्यापासून खरं बोलत होते. वरात निघावी तसे आम्ही सगळे मामांच्या घरी गेलो. पाणी झालं, चहा झाला, पोहे झाले, आणि मग अर्थात जेवण झालं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. सासऱ्यांना मानाच्या पाटावर बसवलं होतं. त्यांच्याकडून ती दिवाळीची गोष्ट लोकांनी पुन्हा पुन्हा सांगून घेतली, टमरेलासकट, आणि या वेळी कुणी हसलं तरी वेगळं हसलं. इतक्या वर्षांनी जिंकलेला माणूस, पण अर्धी भाकरी पानात तशीच टाकून उठला.

हात धुवायला ते मोरीपाशी गेले तेव्हा मी पाणी घालत होते.

"बरं नाही का, बाबा?"

"तिला दिसलं नाही गं," ते म्हणाले.

"असं काय म्हणता? दिसलं म्हणाल्या ना."

"म्हणूनच. आमच्या लग्नापासून ती कधी म्हणाली नाही, तुमचं खरं. दिसलं असतं तर भांडली असती. तिला म्हैस दिसली. म्हैस मोठी असते." त्यांनी हात पुसायला पंचा घेतला आणि तो नुसताच धरून उभे राहिले. "आपण उशीर केला. मला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणाली ती."

मी तांब्या पुन्हा भरायला वळले. कारण मलाही मनातून तेच वाटत होतं.

मग आम्ही परत निघालो. मामांनी डिकीत तांदूळ, वाल आणि एक भोपळा भरला होता, तो भोपळा प्रत्येक वळणावर एकीकडून दुसरीकडे गडगडत होता. चौकच्या पुढे थेंबांची वेळ झाली. नवऱ्याने गाडी एका वडाखाली उभी केली. सासरे उतरून मागच्या दाराशी आले, चष्मा कपाळावर चढवला आणि बाटलीचं झाकण काढलं. सासूबाईंनी मान मागे टाकली.

"वर बघ," सासरे म्हणाले.

त्या वर बघत होत्या. आणि वर बघता बघताच म्हणाल्या, "चोच पिवळी नव्हती हां."

सासऱ्यांचा हात जागच्या जागी थांबला.

"काळी व्हती," सासूबाई म्हणाल्या. "काळी कुळकुळीत, तव्यावानी. टोकाला तेवढा पिवळा. आन् तुमी आमाला इतकी वर्सं पितळंची पळी सांगताव."

माझ्या साड्यांखालचं पुस्तक मला आठवलं. ते त्या घरात माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नव्हतं.

"मग तिथे का नाही बोललीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"म्हायेरच्या चार माणसांत नवऱ्याला खोटा पाडू? एकदा पाडला तं अजून ऐकतेय."

"उन्हात बघितला होता मी. कोवळ्या उन्हात. उन्हात पिवळी दिसते."

"ऊन तं आजपन व्हता."

"दिवाळीचं ऊन वेगळं असतं. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नाय कळत? मी त्या तळ्याची हाय."

बाटलीतला थेंब केव्हाच सासूबाईंच्या गालावर पडून पदरात गेला होता. सासरे दार धरून उभे होते आणि हसत होते, आणि चष्मा कपाळावरच असल्यामुळे डोळे पुसायला त्यांना काही अडचण नव्हती. नवऱ्याने वैतागून रेडिओ लावला. मी पुढे वाकून तो बंद केला.

"पुढच्या रविवारी परत यायचं," सासरे मला म्हणाले. "सूर्य उगवायच्या आत. हिला दाखवतोच."

"येईन की," सासूबाई म्हणाल्या. "आधी तो थेंब घाला. पयला गालावर गेला."

सासऱ्यांनी उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरला, आणि सासूबाईंच्या उघड्या डोळ्यात थेंब अगदी मधोमध सोडला.